ऑपरेशनआधी यकृताची चौकशी

एकलहरे आणि आजूबाजूच्या गावांतल्या बचत गटांत बसलो की आम्हाला एक प्रश्न हमखास ऐकू येतो. घरातल्या माणसाचं लिव्हर खराब आहे आणि डॉक्टरांनी हर्नियाचं, पित्ताच्या खड्यांचं किंवा गर्भपिशवीचं ऑपरेशन सांगितलंय, तर करावं का?

यकृत म्हणजेच लिव्हर बरं. उजव्या बरगडीखालचा हा अवयव रक्त गोठवणारी द्रव्यं तयार करतो आणि भुलीच्या बऱ्याच औषधांचा निचराही करतो. तो सुकून कडक झाला, म्हणजे सिरोसिस झाला, की जखमेतून रक्त थांबत नाही, भूल उतरायला वेळ लागतो, जंतुसंसर्ग लवकर होतो. त्यात ऑपरेशनच्या वेळी यकृताकडे जाणारं रक्तही कमी होतं. आधीच थकलेल्या बैलावर आणखी ओझं, असा तो प्रकार.

धोका किती, हे डॉक्टर अंदाजपंचे ठरवत नाहीत. चाइल्ड आणि टर्कोट यांनी १९६४ मध्ये एक मोजणी मांडली, १९७३ मध्ये प्यू यांनी ती सुधारली. त्यात पाच गोष्टी बघतात: रक्तातलं बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठायला लागणारा वेळ, पोटातलं पाणी आणि माणसाची शुद्ध. प्रत्येकीला १ ते ३ गुण. इथे मात्र गुण जास्त म्हणजे तब्येत वाईट! ५-६ गुण म्हणजे 'ए' गट, ७ ते ९ 'बी', १० ते १५ 'सी'. अमेरिकेतल्या १९८४ आणि १९९७ च्या अभ्यासांत सिरोसिस असताना पोटाचं ऑपरेशन झालेल्यांपैकी 'ए' गटात शंभरात सुमारे १०, 'बी'त ३० आणि 'सी'त ८० च्या आसपास रुग्ण दगावले होते. आता भूल आणि देखभाल सुधारली आहे, तरी उतरंड तीच आहे. 'मेल्ड' नावाची दुसरी मोजणी मूत्रपिंडाचं क्रिएटिनिनही धरते.

शुद्धीची खूण डॉक्टरांआधी घरच्या बाईला कळते. माणूस दिवसा पेंगतो, रात्री जागा राहतो, भलतंच बोलतो, हात थरथरतात. हे सांगायला लाजू नका. दारू किती, कधीपासून, हेही खरं सांगा. इथे अब्रू झाकली तर भुलीचा हिशेब चुकतो. आणि दारूला शिवलंही नाही म्हणून यकृत ठीक, असं नाही. हिपॅटायटिस बी, सी आणि साखरेच्या आजारासोबत येणारी यकृताची चरबी बायकांनाही सोडत नाही. काढे, गुळवेल, वेदनाशामक गोळ्या, सगळं सांगा. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं होतं.

ताजी कावीळ असेल तर पुढे ढकलता येणारं ऑपरेशन ढकलतातच. काविळीची माळ घालून दिवस मोजू नका, रक्त तपासा. सिरोसिसमध्ये पोटातलं पाणी औषधाने कमी करून, आहार सुधारून, दारू बंद करून गुण खाली आणता येतात आणि मग ऑपरेशन करता येतं. नुसती चरबी असेल, सिरोसिस नसेल, तर सहसा एवढं घाबरायचं कारण नसतं.

हर्निया अचानक कडक झाला, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर मात्र थांबायचं नाही. तेव्हा थांबण्यातच जास्त धोका. जुने रिपोर्ट, सोनोग्राफी आणि गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून थेट मोठ्या दवाखान्यात न्या.