तलफ आणि तिची तजवीज

अमली पदार्थ बंद केल्यावर अंगदुखी, जुलाब, उलट्या, निद्रानाश आणि कमालीची अस्वस्थता असा जो त्रास होतो, ज्याला वैद्यकात ‘विथड्रॉवल’ आणि व्यसनींच्या बोलीत ‘टर्की’ म्हणतात, तो गर्दसारख्या अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत साधारणतः आठवडा-दहा दिवसांत बराचसा ओसरतो. व्यसनमुक्तीची अधिक अवघड परीक्षा मात्र त्यानंतर, म्हणजे शरीर पूर्वपदावर येत असताना सुरू होते. रुग्ण केंद्रातून घरी परततो, चेहऱ्यावर तजेला येतो, घरच्यांना हायसे वाटते आणि एखाद्या संध्याकाळी कोणतेही उघड कारण नसताना नशेची अनावर ओढ उफाळून येते. या ओढीला तलफ म्हणतात, आणि ती जागवणाऱ्या व्यक्ती, जागा, वस्तू, वेळ किंवा मनःस्थिती यांना मानसशास्त्रात उद्दीपक, तर व्यसनमुक्ती केंद्रांच्या रोजच्या भाषेत ‘ट्रिगर’ म्हणतात. तलफ आली म्हणजे माणसाचा निश्चय लटका होता, असा समज घरोघरी आढळत असला, तरी गेल्या पाऊणशे वर्षांतील संशोधन या समजाला पुष्टी देत नाही.

शरीर शिकलेले असते

अमेरिकेतील केंटकी राज्यात लेक्झिंग्टन येथे १९३५ मध्ये अफूजन्य पदार्थांच्या व्यसनींसाठी एक सरकारी रुग्णालय सुरू झाले. तेथे काम करणारे डॉ. अब्राहम विक्लर यांना १९४०च्या दशकात एक चमत्कारिक गोष्ट दिसली. महिनोन्‌महिने नशेपासून दूर असलेले रुग्ण गटचर्चेत अमली पदार्थांचा विषय निघताच जांभया देऊ लागत आणि त्यांच्या नाका-डोळ्यांतून पाणी वाहू लागे, म्हणजेच टर्कीची लक्षणे केवळ बोलण्याने परत येत. घंटेच्या आवाजाशी अन्नाची सांगड घातल्यावर नुसत्या घंटेनेही प्राण्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगांमुळे ठाऊक झालेले तत्त्व, ज्याला मानसशास्त्रात अभिसंधान म्हणतात, तेच येथे कार्यरत असल्याचे विक्लर यांनी मांडले. नशेच्या वेळी आजूबाजूला जे जे असते, ते ते नशेशी जोडले जाते आणि पुढे त्यांपैकी एखादी खूणही शरीराला जागे करण्यास पुरेशी ठरते.

या तत्त्वाचा उलट बाजूने पुरावा व्हिएतनाम युद्धाने दिला. १९७१ मध्ये तेथून मायदेशी परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स यांनी केला, तेव्हा सुमारे २० टक्के सैनिकांना तेथे हेरॉइनचे व्यसन जडल्याचे आढळले. परंतु परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनाच्या आहारी गेले. सैनिकांचे वय, घरची साथ, हेरॉइनची बदललेली किंमत आणि उपलब्धता अशी अनेक कारणे यामागे असली, तरी ज्या परिसरात नशा केली तो परिसरच मागे राहिला, हे त्यांतील एक ठळक कारण मानले जाते. लेक्झिंग्टनचे रुग्ण मात्र बरे होऊन पुन्हा त्याच गल्लीत आणि त्याच सोबत्यांमध्ये परतत, आणि त्यांतील बहुसंख्य पुन्हा नशेकडे वळत.

मेंदूच्या पातळीवर या प्रक्रियेचा उलगडा करताना टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३ मध्ये ‘आवडणे’ आणि ‘हवेसे वाटणे’ या दोन भिन्न प्रक्रिया असल्याचे प्रतिपादन केले. वारंवार सेवनाने डोपामाइन या रसायनावर चालणारी ‘हवेसे वाटण्याची’ यंत्रणा अतिसंवेदनशील होत जाते, आणि म्हणूनच नशेतून सुख मिळेनासे झाल्यावरही ओढ टिकून राहते. ही यंत्रणा जाणिवेच्याही आधी काम करू शकते. अ‍ॅना रोझ चाइल्ड्रेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोकेनच्या रुग्णांना नशेशी संबंधित चित्रे केवळ ३३ मिलिसेकंद, म्हणजे डोळ्यांना ओळखताही येणार नाहीत इतका वेळ, दाखवली असता मेंदूतील भावना व प्रेरणांशी निगडित भाग सक्रिय झाल्याचे दिसले. शिवाय काळ लोटला की ओढ आपोआप कमी होत जाते, हेही सरसकट खरे नाही. कारण उंदरांवरील प्रयोगांत कोकेन बंद केल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत खुणांना मिळणारा प्रतिसाद वाढत गेल्याचे २००१ मध्ये दाखवण्यात आले. केंद्रातून घरी आल्यानंतरचे पहिले महिने अधिक जपण्याचे का मानले जातात, याचा काही अंशी खुलासा त्यातून होतो.

आतले आणि बाहेरचे ट्रिगर

बाहेरचे ट्रिगर तुलनेने सहज ओळखता येतात. गर्द ओढणाऱ्यासाठी सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद आणि जळती काडी, एमडी म्हणजे मेफेड्रोन घेणाऱ्यासाठी पार्टीचे संगीत किंवा गुंडाळलेली नोट, गांजा ओढणाऱ्यासाठी ठरावीक कट्टा, आणि जवळपास सर्वांसाठी जुना सोबती, मोबाइलमधील विक्रेत्याचा क्रमांक व पगाराचा दिवस ही त्यांची नेहमीची उदाहरणे होत. मिरवणूक, वरात किंवा ‘थर्टीफर्स्ट’ यांसारख्या प्रसंगी यांतील अनेक गोष्टी एकत्र येत असल्याने त्या दिवसांची आखणी आधीच करावी लागते. आतले ट्रिगर अधिक फसवे असतात. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत तलफेला आयते दार मिळते, म्हणून समुपदेशक रुग्णाला दिवसातून काही वेळा या चार गोष्टी स्वतःपुरत्या तपासायला सांगतात. अपमान, कंटाळा आणि अपराधभाव यांच्याइतकाच आनंदही धोक्याचा ठरू शकतो. नोकरी मिळाल्याच्या दिवशी ‘एकदाच’ म्हणून घेतलेला झुरका अनेकांना पुन्हा पहिल्या पायरीवर आणून सोडतो.

ओढ येते, चढते, ओसरते

तलफेचा पहिला बंदोबस्त ती येण्याआधीच करावयाचा असतो. क्रमांक काढून टाकणे किंवा स्वतःचाच क्रमांक बदलणे, रस्ता बदलणे, सुरुवातीचे काही महिने पैशांचा व्यवहार विश्वासातील व्यक्तीकडे सोपवणे, झोप-जेवणाच्या वेळा बांधून घेणे आणि संध्याकाळ रिकामी न ठेवणे ही कामे क्षुल्लक वाटली, तरी प्रत्येक कामामुळे एकेक खूण वाटेतून दूर होते.

तरीही तलफ येतेच, आणि तेव्हा तिच्याशी झुंजत बसण्यापेक्षा तिच्याकडे लक्षपूर्वक पाहणे उपयोगी पडते, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लेट यांचे म्हणणे होते. समुद्राच्या लाटेप्रमाणे ओढ वाढते, शिखर गाठते आणि फुटते, या निरीक्षणावर त्यांनी लाटेवर स्वार होण्याचे तंत्र आखले. त्यात रुग्ण स्वस्थ बसून छातीतील धडधड, पोटातील गोळा, हातांचा घाम या संवेदना क्रमाने न्याहाळतो आणि श्वासावर लक्ष ठेवून त्यांचे चढणे-उतरणे अनुभवतो. बहुतेकदा तीव्र ओढ अर्ध्या तासाच्या आत ओसरू लागते, त्यामुळे ‘आयुष्यभर घेणार नाही’ या प्रतिज्ञेपेक्षा ‘आणखी पंधरा मिनिटे घेणार नाही’ हा निर्णय त्या क्षणी अधिक पेलवणारा असतो. नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस या स्वमदत गटांतील ‘फक्त आजचा दिवस’ या सूत्रामागेही हाच व्यवहार आहे. त्या मधल्या वेळात जागा सोडणे, काही खाणे, चालायला जाणे आणि मुख्य म्हणजे तलफ आल्याचे कोणाला तरी फोन करून सांगणे, हे ज्याने आधी लिहून ठेवले असेल, त्याला ऐनवेळी विचार करत बसावे लागत नाही.

अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्याने तलफ बरीच आटोक्यात राहते, तर नाल्ट्रेक्सोन हे नशेचा परिणाम रोखणारे औषध शरीर अफूजन्य पदार्थांपासून पूर्ण मोकळे झाल्यावरच सुरू करता येते. असे औषध घेणे म्हणजे एका नशेची जागा दुसरीने घेणे, हा गैरसमज आहे. कोकेन किंवा एमडीसाठी मात्र तसे खास औषध नसल्याने समुपदेशन आणि वर्तनोपचार यांवरच भर द्यावा लागतो.

एक चूक आणि पूर्ण घसरण

मार्लेट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात एकदा झालेली चूक, म्हणजे स्लिप, आणि जुन्या व्यसनात पूर्णपणे परतणे, म्हणजे रिलॅप्स, यांत स्पष्ट भेद केला. ‘आता सगळे संपलेच आहे’ या निराशेपोटीच माणूस एका झुरक्यावरून रोजच्या सेवनाकडे जातो, म्हणून चूक त्याच दिवशी समुपदेशकाला सांगणे आणि कोणता ट्रिगर नजरेतून सुटला हे शोधणे हा तिच्यावरचा उपाय आहे. जिवाचा धोकाही याच टप्प्यावर सर्वाधिक असतो. कारण काही आठवड्यांच्या खंडानंतर शरीराची सहनशक्ती घटते आणि पूर्वी पचणारी मात्रा प्राणघातक ठरू शकते. अशा सेवनानंतर कोणी उठत नसेल किंवा त्याचा श्वास मंदावला असेल, तर लपवाछपवी न करता १०८ क्रमांकावर तातडीने रुग्णवाहिका बोलवावी.

महाराष्ट्रात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णाबरोबर कुटुंबाचाही विचार उपचारात आणला. त्यामागचे कारण आता स्पष्ट व्हावे: घरातील संशय, टोमणे आणि सततची झडती हेही ट्रिगरच असतात, आणि ‘मला आत्ता तलफ येते आहे’ हे वाक्य न घाबरता उच्चारता येईल असे घर हा मोठा आधार असतो.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ७७ लाख लोकांना अफूजन्य पदार्थांच्या सेवनातून उद्भवलेल्या समस्यांसाठी मदतीची गरज आहे. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळणाऱ्यांनी हे जाणून घ्यावे, की १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४-अ सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाणाबद्दल आरोप असलेल्या आणि मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार पूर्ण करणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण देते. १४४४६ ही केंद्र सरकारची निःशुल्क व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, तर १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी सल्ला मिळतो. हे क्रमांक रुग्णाने आणि घरच्यांनी तलफ येण्याची वाट न पाहता आजच मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावेत.