तलाठी आप्पांचे दप्तर

तलाठ्यास यापुढे ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे, ही वार्ता शिंदखेड्याच्या बाजारात कानी आली, तेव्हा सेवानिवृत्तीस इतका काळ लोटला असूनही घरावरची पाटी कोणी परस्पर उतरवून न्यावी तसे वाटले. हुद्दा वाढला म्हणून आनंद मानावा, तर त्यामागचे काम आधीच हातचे गेले आहे.

1951 साली कुलकर्णी वतने खालसा होऊन पगारी तलाठी सर्वत्र आला. पुढची माझी वीस वर्षे जमाबंदी, वसुली आणि बदल्या यांत गेली, त्यांत सांगण्याजोगे फारसे नाही. मनात घर करून राहिले ते बहात्तरच्या दुष्काळाचे दशक. बुराईचे पात्र कोरडे पडलेले, बाजरी वीतभर वाढून करपलेली, आणि कालपर्यंत चार सालदार राखणारा कास्तकार सुकडीच्या रांगेत. परंतु खडीच्या कामावर हजेरीपटात नाव सांगतानाही तो आधी आपल्या वावराचा सर्व्हे नंबर सांगे, जणू खडी फोडणारा कोणी दुसराच होता. खारव्याच्या रुमालात बांधलेले दप्तर सायकलला लावून सजेत फिरताना, “आप्पा, मन्हं नाव कागदवर शे ना?” हा प्रश्न बांधाबांधावर येई; मी सातबारा उलगडून नावावर बोट ठेवी, आणि अक्षरशत्रू असलेला तो मनुष्य त्या शाईवरून स्वतःचे बोट सावकाश फिरवी. माझे स्वतःचे नाव मात्र सेवापुस्तकापुरतेच उरले. जन्मदात्री आईदेखील मला आप्पा म्हणू लागली होती.

त्याच काळात एका वरिष्ठांनी, उभे पीक न पाहता, माझा अहवाल बाजूस सारून पैसेवारी चढवून घेतली. पुढे ते मोठ्या हुद्द्यावर चढले. त्यांच्या निरोपसमारंभास मी गेलो नाही, आणि ते आजही योग्यच वाटते.

चावडीवर उताऱ्यासाठी हेलपाटे होते, चिरीमिरी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून कास्तकारानेच मोबाइलवर छायाचित्र काढून पीक नोंदवावयाचे ठरले, त्यात त्याची सोयही असेल. परवा माझा भाचा स्वतःच्या कपाशीत उभा असताना, तो गटापासून दूर असल्याचे मोबाइलने त्यास बजावले. त्याने ग्राम महसूल अधिकाऱ्यांस फोन लावला. ते सभ्य गृहस्थ. अतिरिक्त सजांच्या कार्यभाराने पिचलेले. त्यांनी मोबाइल बंद करून पुन्हा चालू करण्यास सांगितले.