'याग्टन': न घडलेल्या गुन्ह्याची गोष्ट

'याग्टन' हा डॅनिश दिग्दर्शक थॉमस विंटरबर्ग यांचा २०१२ सालचा चित्रपट. जगभर तो 'द हंट' या नावाने ओळखला जातो. डेन्मार्कमधल्या एका छोट्या गावात बालवाडीत काम करणाऱ्या माणसावर पाचएक वर्षांच्या मुलीशी लैंगिक गैरवर्तन केल्याचा आळ येतो आणि नोव्हेंबर ते नाताळ एवढ्या थोड्या दिवसांत तो गावातून उठल्यासारखा होतो, ही त्याची कथा. त्याने काहीही केलेले नाही, हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते. त्यामुळे दोषी कोण, याचा शोध इथे नाही. न घडलेली गोष्ट सगळ्या गावाच्या लेखी खरी कशी होते आणि तीही भल्या माणसांच्या हातून, हे हा चित्रपट एकेक पायरी उलगडत दाखवतो.

नायक ल्युकस चाळिशीतला आहे. तो पूर्वी मोठ्या मुलांना शिकवायचा. ती शाळा बंद पडली आणि तो बालवाडीत आला. घटस्फोट झालेला, मुलगा मार्कस आईकडे राहतो, सोबतीला फॅनी नावाची कुत्री. गावातल्या पुरुषांबरोबर शिकारीला जाणे, मैफली जमवणे, यात त्याचे आयुष्य हळूहळू पुन्हा रुळावर येत असते. थिओ हा त्याचा बालपणापासूनचा जिवलग मित्र आणि क्लारा ही थिओची धाकटी मुलगी. घरात आईबापांची भांडणे चालू झाली की ती बाहेर पडते. रस्त्यावरच्या फरशांच्या रेषांवर पाय पडू द्यायचा नाही, हा तिचा नेम; त्या नादात ती वाट चुकते आणि ल्युकस तिला हाताला धरून पोहोचवतो. या मुलीला तो फार आवडू लागतो. एके दिवशी खेळताना ती त्याचा मुका घेते, त्याच्या खिशात स्वतः केलेले एक हृदय ठेवते. तो तिला हळुवारपणे समजावतो, की असा मुका फक्त आईबाबांचा घ्यायचा आणि ही भेट दुसऱ्या कुणाला तरी दे. मूल हिरमुसते. काही दिवसांपूर्वी तिच्या मोठ्या भावाने आणि त्याच्या मित्राने टॅबलेटवरचे एक अश्लील चित्र तिच्यासमोर गंमत म्हणून नाचवलेले असते. राग आणि ते चित्र यांची तिच्या बोलण्यात सरमिसळ होते आणि संध्याकाळी बालवाडीच्या संचालिका ग्रेथ यांच्याजवळ ती ल्युकसविषयी एक वाक्य बोलून जाते.

इथवर जे झाले ते कोणत्याही घरात होऊ शकते. चित्रपटाचा खरा गाभा पुढच्या प्रसंगात आहे. ग्रेथ घाबरतात, पण कुणालाही घाईने दोष देत नाहीत. ओळखीच्या एका गृहस्थांना त्या मुलीशी बोलायला बोलावतात. ते शांत, मृदू आवाजात विचारू लागतात. क्लारा आधी नकारार्थी मान हलवते, गप्प बसते, नाक मुरडते. तिला बाहेर खेळायला जायचे आहे. गृहस्थ थांबत नाहीत. प्रत्येक नव्या प्रश्नात घटनेचा एकेक तपशील तेच घालत जातात आणि तिच्याकडून फक्त होकार मागतात. अखेर ती मान डोलावते. त्या क्षणी तिला बाहेर खेळायला जायची मुभा मिळते आणि ल्युकसवरचा आरोप पक्का होतो. मुलीने रचलेले असे त्या आरोपात फारच थोडे आहे. बाकीचा सगळा मजकूर मोठ्यांनी पुरवला आहे.

त्यानंतर पालकसभा भरते. मुलांमध्ये कोणती लक्षणे दिसतात यावर लक्ष ठेवा, असे सांगितले जाते: वाईट स्वप्ने पडणे, अंथरूण ओले करणे वगैरे. कोणत्या लहान मुलात यांपैकी एखादे लक्षण सापडणार नाही? घरोघरी विचारपूस सुरू होते आणि बरीच मुले ल्युकसच्या घरातील तळघराचे वर्णन करू लागतात. तिथला सोफा कसा, भिंतीवरचा कागद कसा, हेदेखील सांगतात. पोलीस जाऊन पाहतात तर घराला तळघरच नाही. अटकेतून ल्युकसची सुटका होते, पण गावाचे मत तसूभरही बदलत नाही. सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग क्लाराच्या घरात घडतो. आपण काहीतरी वेड्यासारखे बोललो, त्याने काही केले नाही, असे ती स्वतः आईला सांगते. आणि आई तिला जवळ घेऊन समजावते, की घडलेले भयंकर होते म्हणून तुझ्या मनाने ते झाकून टाकले आहे. सत्य परत यायला एकच दार उरलेले असते, ते मायेच्या हाताने असे बंद होते.

पुढे दुकानात ल्युकसला सामान द्यायला नकार मिळतो, मारहाण होते. रक्ताळलेल्या चेहऱ्याने तो परत आत जातो आणि आपली पिशवी भरूनच बाहेर पडतो. फॅनीला कुणीतरी मारून दारात टाकते. नाताळच्या आदल्या संध्याकाळी सुजलेल्या डोळ्यांनी तो चर्चमध्ये जाऊन बसतो. समोर मुलांचे गाणे चालू असते, त्यात क्लाराही असते, आणि तो मागे वळून वळून थिओकडे पाहत राहतो. मॅड्स मिकेलसन यांनी ही भूमिका केली आहे. करारी, धोकादायक माणसांच्या भूमिकांसाठी ओळखला जाणारा हा नट इथे खांदे उतरलेला, आवाज न चढवणारा शिक्षक होतो. म्हणूनच चर्चमध्ये त्याचा संयम सुटतो तेव्हा प्रेक्षक हादरतो. २०१२च्या कान महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. २०१४ साली हा चित्रपट परदेशी भाषेतील चित्रपटांच्या ऑस्करसाठी अंतिम पाचांत होता. थिओच्या भूमिकेतले थॉमस बो लार्सन आणि छोटी अनिका वेडरकॉप यांचे कामही तितकेच मोलाचे आहे. विशेषतः अनिकाच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहताना क्लाराला दोष देणे अशक्य होते.

विंटरबर्ग यांनी १९९८ साली 'फेस्टन' हा चित्रपट केला होता. त्यात वडिलांच्या साठीच्या समारंभात मुलगा उभा राहून बापाने केलेल्या अत्याचाराची वाच्यता करतो; आरोप खरा असतो आणि जमलेली मंडळी तो ऐकूनही न ऐकल्यासारखे करतात. त्या चित्रपटानंतर एका मानसतज्ज्ञाने मुलांच्या साक्षींविषयीची कागदपत्रे विंटरबर्ग यांना आणून दिली. अनेक वर्षे ती तशीच पडून राहिली. पुढे ती वाचल्यावर टोबियास लिंडहोम यांच्यासोबत त्यांनी 'याग्टन'ची पटकथा लिहिली. हे दोन चित्रपट एकापाठोपाठ पाहायला हवेत. पहिल्यात खऱ्या तक्रारीला कुणी कान देत नाही, दुसऱ्यात न केलेली तक्रार सगळ्यांना ऐकू येते. दोन्हीकडे मुलाचे म्हणणे मात्र कुणीच ऐकत नाही.

शिक्षकावरच्या आळाची कथा जुनी आहे. १८१० साली एडिंबरामध्ये मुलींची शाळा चालवणाऱ्या दोन शिक्षिकांवर एका विद्यार्थिनीने अनैतिक संबंधांचा आरोप केला आणि शाळा ओस पडली. ती मुलगी स्कॉटिश वडील आणि भारतीय आई यांची, भारतात जन्मलेली. शिक्षिकांनी तिच्या आजीवर बदनामीचा दावा लावला आणि अनेक वर्षांनी तो जिंकला. यावरूनच लिलियन हेलमन यांनी १९३४ साली 'द चिल्ड्रन्स अवर' हे नाटक लिहिले आणि विल्यम वायलर यांनी १९६१ मध्ये त्याच नावाचा चित्रपट केला. त्यातली मुलगी जाणूनबुजून, सूडाने खोटे बोलते. 'याग्टन'मध्ये असा खलनायक कुणी नाही, आणि म्हणूनच तो अधिक खरा वाटतो.

चित्रपटात दाखवलेली साखळी प्रत्यक्षातही घडलेली आहे. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीत १९८३ साली एका तक्रारीपासून सुरुवात झाली. शेकडो मुलांच्या मुलाखती सूचक प्रश्नांनी घेतल्या गेल्या, जमिनीखालच्या भुयारांच्या कहाण्या पुढे आल्या आणि १९९० मध्ये तो प्रदीर्घ खटला एकालाही शिक्षा न होता संपला. नॉर्वेतल्या एका बालवाडीचे १९९२चे प्रकरणही आरोपीच्या निर्दोष मुक्ततेने संपले. यानंतर मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या स्मरणाचा कसून अभ्यास केला. मिशेल लाइक्टमन आणि स्टीफन सेसी यांच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एक पाहुणा बालवाडीच्या वर्गात दोनच मिनिटे येऊन गेला. त्याने कशाला हातही लावला नाही. तो वेंधळा असल्याचे काही मुलांना आधीच सांगून ठेवले होते आणि नंतर दहा आठवडे त्यांना फाटलेल्या पुस्तकाविषयी, मळलेल्या खेळण्याविषयी सूचक प्रश्न विचारले गेले. या गटातल्या तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मुलांनी शेवटी पाहुण्यावर दोष ठेवला. ज्यांना काहीच सुचवले नव्हते, त्या मुलांनी आपणहून सांगताना मात्र अशी कोणतीही चूक केली नाही.

या दुसऱ्या निष्कर्षाकडे दुर्लक्ष होता कामा नये. लहान मूल विश्वासार्ह साक्षीदार असू शकते. त्याला मोकळेपणाने सांगू द्यावे लागते. 'याग्टन'वर घेतला जाणारा आक्षेपही इथेच येतो: प्रत्यक्षात अत्याचार दडपले जाण्याचे प्रमाण मोठे असताना निरपराध माणसाची कथा सांगितल्याने मुलांवर अविश्वास वाढेल. आक्षेप गंभीर आहे, पण चित्रपट नीट पाहिला तर तो टिकत नाही. क्लारा जेव्हा जेव्हा खरे बोलते, तेव्हाच तिच्यावर अविश्वास दाखवला जातो.

भारतात मुलांवरील लैंगिक अत्याचारांसाठीचा पॉक्सो कायदा योगायोगाने या चित्रपटाच्याच वर्षी झाला आणि १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा. तो मूल जसे बोलते तसाच नोंदवावा. आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती हजर असावी. न्यायालयात वकिलांनी मुलाला थेट प्रश्न न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारावेत, अशा तरतुदी त्यात आहेत. अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणे हा गुन्हा आहे. मुलाने दिलेली माहिती खोटी निघाली तरी त्याला शिक्षा होत नाही. ग्रेथ यांच्या बालवाडीत पाळले गेले नाही ते जवळजवळ सारे या तरतुदींत आहे.

एखादे मूल असे काही बोलले, तर पालकांनी आणि शिक्षकांनी त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत, आपल्या मनातला तपशील त्याच्या तोंडी घालू नये, पुन्हा पुन्हा उलटतपासणी घेऊ नये आणि वेळ न दवडता पोलिसांना किंवा १०९८ या बालक हेल्पलाइनला कळवावे. विचारण्याचे काम ज्यांना त्याचे शिक्षण मिळाले आहे, त्यांनीच करावे.