स्टेशनावरची ती लाल चटणी

वडापाव म्हटला की सगळे कौतुक वड्याच्या वाट्याला जाते. पण खरे सांगा, आठवण येते ती वड्याची, की पावाला आतून लावलेल्या त्या लाल, सुक्या चटणीची?

१९६६ साली अशोक वैद्य यांनी दादर स्टेशनाबाहेर वडापाव विकायला सुरुवात केली, असे सांगतात. आमच्या कुळगावात तो बाबांच्या हातून आला. रात्रीच्या कर्जत लोकलने ते उतरत आणि स्टेशनाबाहेरच्या गाडीवरून वर्तमानपत्रात बांधलेली पुडी आणत. आज बाबा नाहीत, ती गाडीही नाही. ते गेल्यापासून आईची अन्नावरची वासनाच उडाली होती. एक दिवस मात्र ती आपणहून म्हणाली, "ती चटणी मिळेल का गं कुठे?"

मी लगेच लसूण-खोबऱ्याची चटणी कुटली. तिने चाखली. "छान झालीय. पण ही घरची. ती जरा कुरकुरीत लागायची."

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चुरा! वडे तळताना कढईत पिठाचे जे थेंब सांडतात, तो चुरा गाडीवाले चटणीत मिसळतात.

तर आता कृती लिहून घ्या. अर्धी वाटी बेसन, चिमूटभर हळद आणि मीठ पाण्यात सैल कालवा. झाऱ्यातून कढत तेलात पाडा, खरपूस तळा, कागदावर निथळा. थेंबभर तेलात लसणीच्या पंधरा पाकळ्या डाग पडेतो परता. मग अर्धी वाटी किसलेले सुके खोबरे, दोन चमचे शेंगदाणे व एक चमचा तीळ वेगवेगळे, मंद आचेवर भाजा. खोबरे बघता बघता करपते, तेव्हा तिथून हलू नका! गॅस बंद करून तीन चमचे बेडगी मिरचीचे तिखट व चवीपुरते मीठ घाला. आचेवर घातलेत तर घरभर ठसका उठेल आणि रंगही काळवंडेल.

सगळे पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलेत तर खोबऱ्याला तेल सुटून गोळा होतो. चुरा अगदी शेवटी, हातानेच कुस्करून मिसळा. कोरड्या बरणीत भरून फ्रीजमध्ये आठवडाभर ठेवा. ओला चमचा मात्र घालू नका. चुरा वेगळ्या डब्यात ठेवून आयत्या वेळी मिसळलात, तर कुरकुरीतपणा टिकतो.

त्या संध्याकाळी वडे तळले, पावाला चटणी लावली आणि आईपुढे बशी ठेवली. पहिल्या घासाला ती काहीच बोलली नाही. अर्धा पाव खाल्ला आणि उरलेला अर्धा नेहमीसारखा बशीच्या कडेला सरकवून ठेवला. बाबा हातपाय धुऊन येईतो ती तसाच ठेवायची.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "खा तू. गार होईल."