सरळ बैठकीची सायकल आणि योग्य सीटची निवड : सिरोंचा परिसराच्या संदर्भात

बीजशब्द : सायकल, सीट, सरळ बैठक, आसनास्थी, विद्यार्थिनी, सिरोंचा

प्रस्तावना

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांच्या संगमाजवळ सिरोंचा हे तालुक्याचे ठिकाण वसले आहे. नदीकाठचा भूभाग बव्हंशी सपाट असल्याने अंकिसा, आसरअल्ली यांसारख्या गावांच्या परिसरात सायकल हे विद्यार्थी, शेतकरी व मजूर यांच्या दृष्टीने सोयीचे वाहन आहे. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून अतिमागास तालुक्यांतील इयत्ता आठवी ते बारावीच्या गरजू विद्यार्थिनींना सायकलीसाठी साहाय्य दिले जाते. गडचिरोली जिल्ह्याचाही त्यात समावेश आहे.

अशा साहाय्याचे शैक्षणिक मोल सिद्ध झालेले आहे. बिहारमध्ये २००६ साली सुरू झालेल्या बालिका सायकल योजनेचा कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांनी अभ्यास केला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार योजनेमुळे माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली. तथापि सायकल हाती येणे आणि ती रोज चालविली जाणे यांत अंतर आहे. सीट बोचू लागली, मांड्या घासल्या, पाठ दुखू लागली, की सायकल घराच्या भिंतीला टेकून राहते. म्हणूनच सीटची निवड हा वरकरणी किरकोळ वाटणारा विषय शास्त्रीय दृष्टीने समजून घेणे अगत्याचे ठरते.

सरळ बैठकीचे स्वरूप

भारतात रूढ असलेली काळी, उंच हँडलची सायकल ही इंग्रजी घडणीची आहे. स्वातंत्र्यानंतर टी. आय. सायकल्स (१९४९), अ‍ॅटलस (१९५१) आणि हिरो (१९५६) यांनी तिचे देशात मोठ्या प्रमाणावर उत्पादन केले. मुलींसाठीची आडवा दांडा नसलेली सायकलही त्याच कुळातील होय. या सायकलीवर चालक पाठ जवळजवळ उभी ठेवून बसतो. शर्यतीच्या सायकलीवर चालक पुढे वाकतो आणि त्याच्या भाराचा बराच वाटा हात व पाय उचलतात. सरळ बैठकीत मात्र हातांवर फारसा भार येत नाही. तो मुख्यत्वे सीटवर पडतो.

या बैठकीत श्रोणी मागील बाजूस झुकते आणि शरीर आसनास्थींच्या खालच्या दोन उंचवट्यांवर टेकते. बोलीभाषेत त्यांना बैठकीची हाडे म्हणता येईल. ही हाडे पुढच्या बाजूस एकमेकांच्या जवळ व मागच्या बाजूस दूर असतात. सरळ बसल्यावर मागचा, म्हणजे अधिक रुंद भाग टेकत असल्याने सीटही मागे रुंद असावी लागते. सरासरीने स्त्रियांच्या या हाडांतील अंतर पुरुषांपेक्षा अधिक असते. परंतु व्यक्तिगणिक फरक इतका असतो की केवळ ‘लेडीज’ अथवा ‘जेन्ट्स’ या शिक्क्यावर विसंबणे योग्य नाही.

मऊपणाचा गैरसमज

जितकी गादी मऊ तितका आराम अधिक, असा सार्वत्रिक समज आहे. थोड्या अंतरासाठी तो खरा वाटतो; लांबच्या फेरीत तो फसतो. अतिशय मऊ स्पंजमध्ये हाडे खोल रुततात, मधला स्पंज वर येतो आणि मांड्यांमधील नाजूक भागावर दाब पडतो. तेथील नसा व रक्तवाहिन्या दबल्याने बधिरपणा येतो.

दाबाचे गणित साधे आहे. समजा, विद्यार्थिनीच्या वजनापैकी ३५ किलो भार सीटवर पडतो. म्हणजे सुमारे ३४३ न्यूटन बल. हा भार एकूण ४० चौ. सें.मी. क्षेत्रावर पडल्यास दाब सुमारे ८६ किलोपास्कल होतो. क्षेत्र ८० चौ. सें.मी. झाल्यास तो निम्म्यावर, ४३ किलोपास्कलवर येतो. हा वाढीव आधार मात्र हाडांखालीच मिळावयास हवा.

अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या पुरुष पोलिसांवर केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. पुढचे टोक नसलेली सीट सहा महिने वापरल्यानंतर, बधिरपणा जाणवला नाही असे सांगणाऱ्यांचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेले. प्रत्येकाने टोक नसलेलीच सीट घ्यावी, असा याचा अर्थ नव्हे. भार हाडांवर राहावा व मधला भाग मोकळा असावा, हे तत्त्व त्यातून अधोरेखित होते.

मापन व निवड

हाडांतील अंतर मोजण्यास महागड्या साधनाची गरज नाही. किराणा दुकानातील खोक्याचा नालीदार पुठ्ठा कठीण स्टुलावर ठेवावा. त्यावर पाठ ताठ ठेवून बसावे व पाय किंचित उचलून अर्धा मिनिट थांबावे. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर मोजावे. प्रौढांमध्ये ते सामान्यतः १० ते १५ सें.मी. असते. सरळ बैठकीसाठी त्यात सुमारे ३ ते ४ सें.मी. मिळविल्यास सीटच्या मागील भागाची किमान रुंदी मिळते.

रुंदीखेरीज पुढील बाबी पाहाव्यात :

१) आकार : मागचा भाग रुंद असला तरी पुढचे टोक अरुंद असावे, अन्यथा पायडल मारताना मांड्या घासतात. आखूड टोकात कपडे अडकण्याची शक्यताही कमी असते.

२) स्प्रिंग : ताठ बसलेल्या चालकाच्या कण्याला खड्ड्यांचे धक्के सरळ पोहोचतात. उखडलेल्या रस्त्यांवर सीटखालील स्प्रिंग ही गरजच होय. मात्र चालकाच्या वजनाच्या मानाने ती फार कडक असल्यास दबत नाही व निरुपयोगी ठरते.

३) आवरण : चामड्याची सीट वापराने शरीराच्या आकारास अनुरूप होते, पण पावसात भिजल्यास बिघडते. येथील पर्जन्यमान पाहता रेक्झिनचे आवरण व्यवहार्य होय. ते उन्हात तापते, म्हणून सुती कापडाची खोळ घालावी. फाटलेले रेक्झिन त्वरित बदलावे, कारण ओला स्पंज लवकर बसतो.

जुळवणीचे महत्त्व

योग्य सीटही चुकीच्या उंचीवर त्रासदायक ठरते. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवल्यास गुडघा सरळ व्हावा. मग पंजाने पायडल मारताना तो किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असल्यास गुडघ्यांवर ताण येतो. फार उंच असल्यास कंबर डावीउजवीकडे डोलते व त्वचा सोलवटते. नवशिक्यांनी पाय जमिनीस टेकतील इतकी सीट प्रथम खाली ठेवावी आणि सरावानंतर टप्प्याटप्प्याने वर घ्यावी. सीटचा माथा साधारणतः आडव्या पातळीत असावा. टोक खाली झुकल्यास शरीर पुढे घसरते व मनगटे दुखतात. वर उचलल्यास नाजूक भागावर दाब येतो. हे सर्व फेरफार एका पान्याने करता येतात.

निष्कर्ष

सरळ बैठकीत आराम मिळतो तो हाडांखालील पुरेशा रुंदीमुळे, अरुंद टोकामुळे, योग्य स्प्रिंगमुळे आणि अचूक उंचीमुळे. केवळ मऊ गादीमुळे नव्हे. वाटपाच्या सायकली एकाच मापाच्या असल्या, तरी आठवीतील आणि बारावीतील मुलीची उंची व शरीरयष्टी सारखी नसते. त्यामुळे वाटपानंतरची जुळवणी वाटपाइतकीच महत्त्वाची ठरते. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक आणि शारीरिक शिक्षण व भौतिकशास्त्र विभाग यांनी एकत्र येऊन शाळांमधून वर्षातून एकदा सीट-तपासणी केल्यास हे कार्य अल्प खर्चात साधेल. मापन विद्यार्थिनींनीच एकमेकींचे करावे आणि सूचना मराठीबरोबर तेलुगू व माडिया भाषांतूनही दिल्या जाव्यात. नाजूक त्रासाविषयी मुली सहसा बोलत नाहीत. तपासणीच्या निमित्ताने त्यांना तो सांगण्यास संकोचरहित वाट मिळेल.