हलकी नळी, पक्का नेम

जड नळी म्हणजे अचूक नळी, हा नेमबाजीतला जुना समज आहे आणि तो निराधार नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तिथे पुरुषांच्या रायफलला 8 किलोपर्यंत वजनाची मुभा आहे. पण त्याच 50 मीटरवर, त्याच .22 च्या काडतुसाने बायथलॉनचे खेळाडू आडवे पडून 45 मिलिमीटरचे लक्ष्य टिपतात. त्यांची रायफल पाठीवर बांधून बर्फावरून स्कीवर धावायचे असते, म्हणून तिला किमान वजनाची अट आहे, तीही अवघी साडेतीन किलोंची. बायथलॉनचे लक्ष्य ऑलिंपिक निशाण्याच्या दहा गुणांच्या वर्तुळापेक्षा बरेच मोठे, हे खरे. तरीही अचूकता वजनातूनच येते का, अशी शंका यावी एवढा हा फरक मोठा आहे.

गोळी सुटताना नळी थरथरते. ती दर वेळी सारखीच थरथरली तर गोळ्या एकाच जागी लागतात, आणि त्यासाठी लागतो ताठपणा. भरीव दांड्याचा व्यास दुप्पट केला तर वजन चौपट होते, पण ताठपणा सोळापट वाढतो. जाड नळीची कीर्ती इथून आली. मात्र लांबी निम्मी केली तरी ताठपणा आठपट होतो, आणि वजन उलट घटते! म्हणून वजन उतरवायचे तर आधी लांबी कापावी. वेग कमी होईल, हा आक्षेप मोठ्या काडतुसांना लागू पडतो. दूरच्या निशाण्यावर त्यांची गोळी अधिक खाली येते आणि वाऱ्याने अधिक सरकते. पण .22 ला जवळपास सगळा वेग पहिल्या 40-45 सेंटीमीटरमध्येच मिळतो. बाहेरून खाचा पाडण्याची युक्ती दिसायला देखणी, पण तिच्याबद्दल गैरसमज फार. तेवढ्याच व्यासाच्या साध्या नळीपेक्षा खाचांची नळी कमी ताठ असते; सरस ठरते ती फक्त तेवढ्याच वजनाच्या नळीपेक्षा.

उष्णतेचा आक्षेप अधिक वजनदार आहे. पातळ नळी लवकर तापते, आणि घडणीच्या वेळी पोलादात ताण राहिला असेल तर तापल्यावर ती किंचित वाकते. पातळ पोलादी नळीवर कार्बन फायबर गुंडाळले की ताठपणा राखून वजन घटते, पण त्यातली राळ उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. सलग गोळीबार करणाऱ्याला म्हणून जड पोलादच बरे. बायथलॉनमध्ये एका फेरीत सहसा पाचच गोळ्या, त्याही थंडीत. राहिला हाताच्या स्थैर्याचा मुद्दा. वजनाने हात स्थिर होतो हे खरे, पण तो नेमबाजाचा लाभ, नळीचा गुण नव्हे. ते वजन दस्त्यातही घालता येते. उभ्याने नेम धरणाऱ्याला मात्र त्यातले थोडे पुढे, तोंडाकडेच लागते.