चार कलमांत नसलेला रुग्ण

सप्टेंबर 1896मध्ये मुंबईतल्या मांडवी भागात तापाचे आणि जांघेत गाठ आलेले रुग्ण तपासून, हा प्लेगच आहे, असं निदान डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी केलं. ते मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, 4 फेब्रुवारी 1897 रोजी, साथरोग कायदा आला. मूळ कायदा चार कलमांचा. पहिल्यात नाव आणि व्याप्ती. दुसऱ्यात सरकारला योग्य वाटेल ते उपाय योजण्याचा अधिकार, तिसऱ्यात आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आणि चौथ्यात अधिकाऱ्यांना संरक्षण. आजारी माणसाला काय मिळालं पाहिजे, याबद्दल एक ओळही नाही.

त्याचे परिणाम पुण्याने भोगले. ब्रिटिश अधिकारी रँडच्या प्लेग समितीने घराघरांत गोरे सोजीर घुसवले. देवघर, माजघर काही सुटलं नाही. आजारी माणूस प्लेगच्या इस्पितळात, धडधाकट नातेवाईक विलगीकरण छावणीत, घरातलं सामान रस्त्यावर. लोक रुग्ण लपवू लागले, मृत्यूही लपवू लागले. साथ आटोक्यात आणायची म्हणून केलेल्या जबरदस्तीनेच साथीची खबर मिळेनाशी झाली. याच साथीत पुण्याबाहेर ससाण्यांच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांचा दवाखाना चालू होता. त्यांच्या आई सावित्रीबाई रुग्णांना स्वतः तिथे नेत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या, त्यांनाच लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. म्हणून सक्तीवाचून दुसरा मार्गच नव्हता, हे म्हणणं मला मान्य नाही.

मार्च 2020मध्ये कोरोना आला तेव्हा महाराष्ट्राने हाच कायदा लागू केला. पुढच्याच महिन्यात केंद्राने अध्यादेश काढून आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांसाठी कडक शिक्षा आणली. ती गरजेचीच होती. रुग्णाच्या हक्काचं कलम मात्र तेव्हाही आलं नाही.

तरीही याच कायद्याचा आधार घेऊन एक चांगली गोष्ट झाली. 21 मे 2020च्या अधिसूचनेने राज्याने खाजगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटा नियंत्रणाखाली घेतल्या आणि दर ठरवले: साध्या विलगीकरण खाटेचे दिवसाला 4,000 रुपये, अतिदक्षता विभागात 7,500 आणि व्हेंटिलेटर लागला तर 9,000. प्रत्यक्षात बिलाच्या खिडकीशी काय व्हायचं? आत माणूस गुदमरतोय, बाहेर डिपॉझिट मागितलं जातंय. खाटेचा दर बरोबर लावलेला, पण पीपीई किट, तपासण्या, औषधं वेगळी. दरपत्रक हातात नसलेला नातेवाईक कशाच्या जोरावर भांडणार? बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमले गेले. जन आरोग्य अभियानासारख्या संघटना आणि कोरोनाने विधवा झालेल्या बायका मागे लागल्या, तेव्हा काही ठिकाणी जादा पैसे परत मिळाले. अशा बाईला नवऱ्याच्या उपचाराचा हिशेब मागायला दारोदार फिरावं लागलं, याचा मला आजही संताप येतो.

सरकारी रुग्णालयातही उपचाराची हमी नव्हती. मे 2021मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात ऑक्सिजनचा दाब पडत होता आणि रुग्ण दगावत होते. सिलिंडरने भरलेल्या ट्रॉल्या ट्रॅक्टरने आणून जोडायच्या, एक संपली की दुसरी. त्या अदलाबदलीत दाब उतरतो, असं कारण पुढे आलं. मृत्यू पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान होत असल्याचं खुद्द आरोग्यमंत्र्यांनीच सांगितलं. प्रकरण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेलं आणि ऑक्सिजन मिळणं हा जगण्याच्या हक्काचा प्रश्न ठरला.

वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने हे 1996मध्येच सांगितलं होतं. पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजुराला रेल्वेतून पडून डोक्याला मार लागला, आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवलं. वेळेवर उपचार न मिळणं हा घटनेच्या कलम 21चा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सरकारची सबब चालणार नाही, असं म्हणत न्यायालयाने 25,000 रुपये भरपाई देवविली. मात्र निकाल नंतर येतो, ऑक्सिजन आत्ता लागतो. त्यासाठी हक्क साथीच्या आधीच कायद्यात लिहिलेला हवा. राजस्थानने 2023मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, तोही खाजगी डॉक्टरांच्या मोठ्या आंदोलनाला तोंड देत.

महाराष्ट्रात असा कायदा नाही. शुश्रूषागृह नोंदणीचे जानेवारी 2021मध्ये सुधारलेले नियम आहेत. त्यांनुसार खाजगी रुग्णालयाने रुग्ण हक्कांची सनद आणि पंधरा सेवांचं दरपत्रक दर्शनी भागात लावायचं असतं. जवळच्या रुग्णालयाच्या भिंतीवर ते आहे का, हे साथ नसतानाच बघता येतं. नसेल तर तक्रार शहरात महापालिकेच्या आरोग्याधिकाऱ्याकडे, ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकाकडे करायची.